रोजचंच

"हात काढा आधी."

शेफची मूठ पातेल्यावर तशीच थांबली. मुठीत मीठ होतं आणि पातेल्यात मावशींनी सकाळपासून राबून शिजवलेलं भोपळ्याचं सूप. कुणी बाई आपलं मनगट धरेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसावं. तो टीव्हीवर दिसायचा.

"मावशी, चिमूटभर तरी घालू द्या. लोक तोंडं वाकडी करतील."

"करू देत. वर काय लिहिलंय ते वाचा."

वर पाटी होती, 'वॉर्ड चारचं जेवण'. मैदानावरचे वीस स्टॉल, स्टेजवरची गाणी, हा सगळा खटाटोप इस्पितळाच्या वॉर्ड चारसाठी चालला होता. तिथल्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं, नवं बांधायला पैसे जमवायचे होते. बाकीच्या स्टॉलवर नावाजलेले आचारी आपली कला दाखवत होते. हा एकच स्टॉल वॉर्डाचा, म्हणजे मावशींचा, शेफ मदतीला. चारमध्ये सगळे मूत्रपिंडाचे रुग्ण. तिथे मिठाला बंदी, आणि ती बंदी सव्वीस वर्षं तिथला स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हातात होती.

आवाज ऐकून कार्यक्रम समितीच्या अध्यक्षबाई लगबगीने आल्या.

"मावशी, हट्ट नका करू. पाहुणे आलेत. तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे. पण झालं तर माझ्याच हातच्या चवीने होऊ दे. मीठ घालायचं तर घाला, मग ही पाटी उतरवा. चारचं नाव लावून दुसरंच काहीतरी वाढायचं, हे मला जमायचं नाही."

पाटी उतरवायची म्हणजे पाहुण्यांना काय सांगायचं? अध्यक्षबाई ओठ आवळून निघून गेल्या.

मग वाढणं सुरू झालं. कडक इस्त्रीचे एक गृहस्थ पहिल्या घोटालाच थबकले.

"मीठ विसरलात वाटतं!"

"विसरले नाही. घातलं नाही."

त्यांनी वाटी तशीच ठेवली आणि शेजारच्या स्टॉलकडे वळले. त्यांच्यामागचे आणखी चौघे तसेच. मावशींना वाईट वाटलं नाही असं नाही. कान तापले होते. पण हातातला डाव काही थांबला नाही. एक पोरसवदा मुलगी मात्र वाटी रिकामी करून "रोज हेच?" असं विचारून गेली, आणि जाताना तिने मागे वळून पाटी पुन्हा वाचली.

गर्दी ओसरली तसा शेफ स्टूल ओढून बसला.

"निदान मिठाची डबी तरी बाजूला ठेवायची होती."

"चारमध्ये खाटेजवळ डबी असते का हो?" मावशींनी डाव पुसला. "माझा नवराही तिथेच होता. अकरा महिने. रोज म्हणायचा, तू आचारीण, तुझ्या हातात आहे, घाल की कणभर. भांडायचा, रुसायचा, ताट सरकवायचा. नाही घातलं."

स्टेजवर कुणीतरी नवं गाणं धरलं होतं.

"मग एक दिवस डॉक्टरांची चिठ्ठी खाली आली. आता काहीही चालेल, म्हणून. त्याचा अर्थ स्वयंपाकघरात सगळ्यांना कळतो. मी व्यवस्थित मीठ घातलं, स्वतः घेऊन गेले. एक चमचा घेतला आणि म्हणाला, खारट लागतंय गं. रोजचंच आण."

"मग?"

"मग काय, आणलं. वाटीभर प्यायला." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि ते मी आज लोकांची तोंडं बघून बदलू?"

साडेपाच वाजले होते. सहाला वॉर्डात ट्रॉली जायची. पातेलं निम्मं उरलं होतं, आणि उरलेलं सूप टाकून देणाऱ्यांतल्या मावशी नव्हत्या. शेफने न सांगता पातेल्याचा एक कान धरला.

"थांबा," मावशी म्हणाल्या. खाटेवर जाणारं अन्न आधी स्वतःच्या पोटात जायला हवं, ही त्यांची सव्वीस वर्षांची रीत. त्यांनी वाटी भरली आणि उभ्याउभ्याच सावकाश संपवली.

"कसं झालंय?" शेफने विचारलं.

"रोजच्यासारखंच," मावशी म्हणाल्या, आणि पातेल्याचा दुसरा कान त्यांनी उचलला.