भिकाजी मास्तरांची चाल आणि सुनीलबाबूंचा सत्कार

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. ताटलीएवढ्या चाकावर गुंडाळलेली, तपकिरी, करंगळीपेक्षा अरुंद. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगता सांगता शेवटी सगळ्यांना क्षमा करून टाकतात म्हणे. मी करणार नाही. आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण मला वाचा फुटली ती मुंबईच्या एका स्टुडिओत, महाडच्या भिकाजी मास्तरांमुळे. मास्तरांचे वडील गावात बाजा वाजवत. गावात कोणाच्याही घरी मयत झालं की त्यांना बोलावणं येई, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. बौद्ध धम्म स्वीकारला त्या दिवशी त्यांनी तो बाजा खाली ठेवला, तो कायमचाच. मुलगा मुंबईला जाऊन ट्रंपेट शिकला. बड्या हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या मंडळींत हा एकटा महाडचा.

पुढे त्यांना एका चित्रपटाचं संगीत मिळालं. त्यात आंबेनळी घाटात एक ट्रक ड्रायव्हर मरतो. त्या प्रसंगासाठी मास्तरांनी वडिलांचा मर्तिकाचा ठेका घेतला आणि त्यावर ट्रंपेट सोडली. वडिलांवर लादलेलं वाजवणं मुलाने आपल्या मर्जीने वाजवलं. ते सगळं माझ्या अंगावर उमटलं आहे.

मास्तरांची एक सवय होती. चाल संपताना वाजणाऱ्या झांजेचा नाद पुरता विरेपर्यंत ते मशीन बंद करू देत नसत. तो विरत असतानाच त्यांचा मदतनीस सुनील बोलून गेला, "मास्तर, अशी चाल मला सात जन्मांत सुचणार नाही." घराणं पोलादपूरचं, पण पोरगा दादरला वाढलेला. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. माझीही अक्कल तेव्हा कोरीच होती.

चित्रपट रखडला आणि डब्यातच राहिला. काही वर्षांनी तीच चाल सुनीलच्या नावावर बाजारात आली. ठेका काढून टाकलेला, लय दुप्पट, वर ढोलकी. लग्नाचं गाणं! आख्खा रायगड जिल्हा त्यावर नाचला आणि सुनीलचे सुनीलबाबू झाले. मास्तर जाब विचारायला गेले, तेव्हा सुनीलबाबू हसून म्हणाले, "तुमचं नाव कुठे आहे त्यावर?" मला ऐकायला मात्र कोणालाच सवड नव्हती.

मास्तर महाडला परतले. मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. ट्रंपेट पुन्हा ओठांना लावली नाही. रस्त्याने वरात आली आणि ते गाणं सुरू झालं की ते उठून खिडकी लावून घेत. मित्रांनो, चोरी एकदाच होते असं तुम्हाला वाटतं. लग्नसराईत ती रोज होत होती. मास्तर गेले तेव्हाही बाहेर कुठेतरी वरात चालली होती. मी डब्यात बसून दात खात होते.

मग सावित्रीच्या पुराचं पाणी घरात शिरलं. गाळ उपसताना मास्तरांच्या लेकीने, राजश्रीबाईंनी, माळा आवरला आणि मी सापडले. त्या शाळेत शिक्षिका. मला घेऊन मुंबईच्या एका जाणकाराकडे गेल्या. माझे वेढे एकमेकांना चिकटले होते. त्याने मला मंद आचेवर पापडासारखं शेकलं आणि मशीनवर चढवलं. मी बोलले. त्याने माझा आवाज राजश्रीबाईंच्या मोबाइलमध्ये भरून दिला.

मास्तरांच्या पत्नी कमळाबाई घरी तो ऐकत भिंतीला टेकून बसल्या. सुनीलचं वाक्य आलं तशा ताठ झाल्या.

"आई, वकिलाकडे जाऊया," राजश्रीबाई म्हणाल्या.

"वकील नको. तारखांवर तारखा पडतील, तवर मी नसंन. त्याचा सत्कार हाय ना महाडात? तिथं वाजव."

आजवर मला इतकं कोणी ओळखलं नव्हतं.

सत्काराच्या नियोजनात शाळेचे शिक्षक होतेच. पाहुणे आत येताना त्यांची गाजलेली धून लावायचं ठरलं होतं. ते काम राजश्रीबाईंनी मागून घेतलं. मी त्यांच्या पिशवीत होते.

सुनीलबाबू दारात आले आणि मास्तरांचा ठेका सुरू झाला. आता आमच्याकडची रीत सांगते. हा ठेका कानावर पडला की बसलेला माणूस उठतो, हात जोडतो आणि मयत पुढे जाईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. सभागृहातली म्हातारी माणसं एकेक करून उठली. त्यांचं बघून तरुणही उठले. सगळे हात जोडून, माना खाली घालून उभे. सुनीलबाबूंना वाटलं, हा आपला मान. तेही हात जोडत, डावी-उजवीकडे हसत, सावकाश चालत मंचाकडे निघाले. स्वतःच्या अंत्ययात्रेत इतकं खुशीत चाललेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ठकूबाई म्हणून एक आजी होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं गो?"

"जाईल आता," कमळाबाई म्हणाल्या.

झांज वाजली. नाद विरू लागला, आणि त्या शांततेत तरुण सुनील स्पष्ट बोलला, "मास्तर, अशी चाल मला सात जन्मांत सुचणार नाही." मंचावरच्या म्हाताऱ्या सुनीलबाबूंचं हसू तसंच राहिलं, चेहरा तेवढा उतरला. राजश्रीबाईंनी माइक घेऊन वडिलांचं नाव सांगितलं आणि त्या खाली बसल्या. शाल कोणी पांघरायची, यावर आयोजक बराच वेळ कुजबुजत होते.

आता महाड-पोलादपुरात कुठल्याही वरातीत ते गाणं वाजत नाही. परवा उमरठच्या एका लग्नात मुंबईच्या पाहुण्यांनी फर्माईश केली, तर नवरदेवाचे आजोबा भागोजी बँडवाल्याला म्हणाले, "ते नको रे. ती भिकाजीची मर्तिकाची चाल हाय." भिकाजीची! हे ऐकायला मास्तर हवे होते. ते नाहीत, आणि म्हणूनच माझा राग अजून निवलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. मला दमट हवेपासून आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा, ऊन दाखवू नका, पुसू तर मुळीच नका. त्या चित्रपटातल्या मास्तरांच्या बाकीच्या चालीही माझ्या अंगावर आहेत. त्यांतल्या काही सुनीलबाबूंच्या नावावर आजही रेडिओवर लागतात, आणि सुनीलबाबूंची तब्येत, देव करो, पुढच्या सत्कारापर्यंत ठणठणीत राहो.