मुनिबाचे सुटलेले झेल

मी चेंडू बोलतोय. पण तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल तसा गोल चेंडू मी नव्हे. मी लांबट आहे, दोन्ही टोकांना निमुळता, रंगाने तांबडा. जमिनीवर टप्पा पडला की मी कुठल्या दिशेला उडेन हे मलाही आधी कळत नाही. हवेत गेलो की मात्र मी अगदी शांत असतो. पेंग यावी तसं काहीतरी होतं, आणि खाली धावणारी माणसं फार लांबची वाटतात.

जालंधरच्या एका कारखान्यात कातड्याच्या चार फाका जोडून मला शिवलं. शिवणाऱ्या माणसाने ऑस्ट्रेलिया पाहिला नव्हता, पण माझा खेळ तिथला, पायाने मारायचा आणि हाताने झेलायचा फुटबॉल. मी जहाजातून पर्थला गेलो आणि तिथल्या दुकानातून ग्रेग नावाच्या इंजिनिअरच्या बॅगेत शिरून ओमानला आलो, सलालाहच्या बंदरावर.

ग्रेगला माझ्याशी खेळायला कुणी मिळेना. शेवटी क्रेनची देखभाल करणारा एक मेकॅनिक तयार झाला. तो गुहागरकडचा धनेश. दोन वर्षं दोघं समुद्रकाठी मला लाथाडत राहिले. मग ग्रेगचं काम संपलं. जाताना त्याने मला धनेशच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मुलांना शिकव."

धनेशने ते मनावर घेतलं. पन्नाशीला टेकलेला हा माणूस, कमी बोलणारा. त्याने बंदरातले जुने पाइप मागून आणले आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे केले. मधल्या दोन उंच खांबांमधून मला लाथेने पाठवलं की सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या फटीतून गेलो की एकच. कसाही, कुणाच्या हाताला लागून रेषेपार गेलो तरी एकच. आणि लाथाडलेल्या मला कुणी हवेत झेललं, तर त्याला तिथूनच निवांत मारायला मिळे. एवढं मुलांना पहिल्याच शुक्रवारी पाठ झालं.

मुलं आसपासच्या भारतीय वस्तीतली. आपसात इंग्रजी बोलायची, धनेशशी अडखळत मराठी. तो त्यांच्याकडून एकच गोष्ट करून घेई. दर शुक्रवारी प्रत्येकाला वेगळ्या जागी उभं करी, आणि स्वतः कडेला बसून वहीत लिही. कोण कुठल्या पायाने मारतो, कोण दमल्यावरही धावतो, कुणाचे झेल सुटतात. "सहा महिने बघायचं आणि मग ठरवायचं," असं तो म्हणे. मला त्याचं हे वागणं आवडायचं. मला हातात धरणारी बहुतेक माणसं घाईतच असतात.

पण एक जागा त्याने कधी मन लावून पाहिली नाही. गावाकडे क्रिकेट खेळताना ज्याला काही जमत नाही त्याला लांब, कुंपणापाशी उभं करतात. कच्चा लिंबू. धनेश त्याच क्रिकेटवर वाढलेला. म्हणून आपल्या खांबांपुढे बचाव करणारी मागची फळी म्हणजे उरलेल्यांची जागा, हे त्याच्या मनात बसलेलं होतं. मुलांनाही ते न सांगता कळलं होतं.

आता मुनिबाबद्दल सांगतो. चौदा वर्षांची, वर्गात सगळ्यांत उंच. तिचे वडील हुसैनमियाँ रत्नागिरीकडचे, रस्त्याकडेला त्यांचं शहाळ्यांचं आणि केळ्यांचं दुकान. उंच म्हणून धनेशने तिला आधी मधोमध, मला वर फेकलं की उडी मारायला लावली. ती डोळे मिटून उडी मारायची. मग उंच म्हणून पुढे, झेल घ्यायला पाठवली. तिथे मी तिच्या बोटांत येतायेताच निसटल्यासारखा दिसायचो. वहीत ओळीवर ओळ चढत गेली: मुनिबा, झेल सुटला. मुनिबा, झेल सुटला.

मला ठाऊक होतं की मी सुटत नव्हतो. तिची बोटं कधी उघडलीच नव्हती. दरवेळी शेवटच्या क्षणी तिची मूठ वळायची आणि माझ्या पोटात एक नेमका ठोसा बसायचा. मी दूर उडायचो. पण चेंडूने सांगायचं कसं?

खरीफ, म्हणजे इथला पावसाळी मोसम, सुरू झाला. सलालाहचे डोंगर हिरवे झाले, सगळीकडे धुकं आणि पिठासारखी बारीक भुरभुर. उकाड्याला कंटाळलेली मस्कतची कुटुंबं गाड्या भरभरून येऊ लागली. त्यांच्यातच हा खेळ खेळणारी मुलंही येणार होती. सामना ठरला. धनेशला नऊ जण निवडायचे होते.

त्या आठवड्यात हुसैनमियाँ मैदानावर आले. लुंगीवर जॅकेट, हातात धनेशसाठी एक शहाळं.

"धनेशभाई, पोरीला तुम्ही मधी उभी केलीत. मग पुढे केलीत. आता म्हणे मागे. पुढच्या जुम्म्याला काय, गेटच्या बाहेर?"

"तसं नाही हुसैनभाई. अजून बघतोय मी."

"मीपण टेनिस बॉल खेळलोय. मागे कुणाला उभं करतात मला सांगू नका." ते जरा थांबले. "ती घरी येते ती गप्प बसते. जेवत नाही धड. नववीचं वर्ष आहे. कच्चा लिंबूच करायची असेल तर ही मॅच झाली की खलास. अभ्यास करू दे तिला."

धनेशने मान हलवली. शहाळं त्याच्या हातात तसंच राहिलं. मुनिबा पाच पावलांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्या शिवणीवरून नख फिरवत राहिली.

सामन्याआधीच्या सरावात ती मागे उभी राहिली. तिच्यासमोर होती रेवा, धनेशची सगळ्यांत भरवशाची झेल घेणारी. तासाभरात रेवाला माझा एकही झेल मिळाला नाही. धनेशने वहीत लिहिलं, रेवा, आज लक्ष नाही.

तेवढ्यात रेवाच फणकारत आली. "अंकल, हिला सांगा ना. मला एकपण कॅच घेऊ देत नाही."

"तिच्याच हातून सुटतायत गं. घसरडा झालाय चेंडू."

"सुटत नाहीत. शी इज पंचिंग इट. मुद्दाम. हे बघा, माझी बोटं लाल झाली."

धनेशचं पेन थांबलं. त्याने मुनिबाला हाक मारली. ती मान खाली घालून आली.

"मुद्दाम मारतेस?"

"सॉरी, अंकल."

"अगं, रागवत नाही. का मारतेस ते सांग."

"उडी मारली की मला कळतं, हा माझ्या हातात राहणार नाही. मग वाटतं, तिच्यापण नको."

"पुढे खेळायचीस तेव्हाही?"

"हो. सवयच आहे."

"मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

मुनिबाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही विचारलं नाही. तुम्ही लिहीत होतात."

धनेशने मला उचललं आणि वही मिटली. मग त्याने फोन काढून पर्थला ग्रेगला निरोप पाठवला. एक मुलगी झेल घेत नाही, दुसऱ्यालाही घेऊ देत नाही, मुठीने मारते, हे चालतं का? दुपारी ग्रेगचा हसरा आवाज आला. चालतं काय, मागच्या फळीचं निम्मं काम तेच, आणि असं उपजत येणारी मुलं फार थोडी. तू तिला कुठे उभी करतोस?

ते धनेशने दोनदा ऐकलं. त्याचे कान लाल झाले होते.

सामन्याच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की एका टोकाच्या खांबांपाशी उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचे दिसत नव्हते. खरीफचे ऐन धंद्याचे दिवस, तरी हुसैनमियाँ दुकान बंद करून आले. धनेशने मुनिबाला सगळ्यांत मागे, मस्कतच्या सर्वांत उंच मुलासमोर ठेवलं. हुसैनमियाँनी ते पाहिलं आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले.

मी भिजून जड झालो होतो. कुणाच्याच हातात टिकत नव्हतो. तशात मुनिबाची मूठ मात्र दरवेळी बरोबर पोचत होती. तो उंच मुलगा वैतागून तिला काहीतरी बोलला. तिने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आपण तीन गुणांनी पुढे होतो. मस्कतच्या एका मुलाने मला लांबून, जीव खाऊन लाथाडलं. मी धुक्यात शिरलो. वर काहीच नव्हतं. पांढरं, ओलं, आणि कुठेतरी लांब लाटांचा आवाज. मी गिरकी घेत राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. मग खाली उतरताना दोन आकृत्या दिसल्या. उघडे तळवे, आणि त्यांच्या वर, बोटभर वर, एक मिटलेली मूठ. ठोसा बसला. मी तिरपा गेलो आणि बाजूच्या बुटक्या खांबाच्या फटीतून रेषेपार पडलो. मस्कतला एक गुण. त्यानंतर शिटी झाली.

खांबांजवळच उभ्या हुसैनमियाँनी कपाळाला हात लावला. "सोडला. शेवटच्या मिनिटालासुद्धा सोडला."

"सोडला नाही, हुसैनभाई." धनेश त्यांच्याजवळ आला होता. "त्या पोराने झेल घेतला असता तर अगदी समोरून मारायला मिळालं असतं त्याला. सहा गेले असते. तिने एकच दिला. आपण दोनाने जिंकलो."

हुसैनमियाँ बोटांवर काहीतरी जुळवत राहिले. मैदानात रेवा मुनिबाच्या पाठीवर चढून बसली होती.

"मग मागे उभी केलीत ती..."

"मी चुकलो होतो. तिची जागा तिला माहीत होती. मला कळायला सहा महिने लागले."

"हं." त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला, दाढीवरचं धुकं पुसलं. "झेलच घेतला असता तर तो एकपण गेला नसता." मग मुनिबा येताना दिसली तसे ते हळूच म्हणाले, "पुढच्या जुम्म्याला सहाला का साडेसहाला?"

हे मागच्या वर्षीचं. मुनिबा आता नव्या मुलांना मागे कसं उभं राहायचं ते शिकवते, आणि तिथे उभं राहायला मुलांत भांडणं होतात. माझं सांगायचं तर माझी एक शिवण उसवली आहे. हवा टिकत नाही. धनेश एका सकाळी दोनदा पंप लावतो आणि काही न बोलता मला तळव्याने थोपटतो. नवा चेंडू निघाला आहे, जहाजात आहे म्हणतात.

तो आला की मला कपाटात ठेवू नका, एवढीच विनंती आहे. अगदी लहान मुलांना द्या. त्यांना कुठे उभं करायचं ते ठरवायच्या आधी, मी त्यांच्याकडे आलो की ती काय करतात ते नुसतं बघा, आणि वाटलं तर त्यांनाच विचारा. मला अजून थोडं उडता येतं. धुक्यात वर गेलो की खाली कोण आहे ते दिसत नाही. मग मी गिरकी घेत उतरत राहतो. कुणाची तरी बोटं भेटतील, नाहीतर कुणाची तरी मूठ.