आकड्याखालची रेघ

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रान्सफॉर्मर आहे. गोल डब्यासारखा. मला ना डोकं ना पाय, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

कारखान्यात एका बाईने माझ्या झाकणावर रंगाने एक अक्षर काढलं आणि ठशाने इंग्रजी आकड्यांत 66 ठोकलं. अक्षरावरून मालाचा वर्ग कळायचा, आकड्यावरून नेमकी वस्तू. शेवटी तिने आकड्याखाली बारीक रेघ कोरली. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो ना!

दहा वर्षं मी लष्कराची बिनतारी यंत्रं चालवली. मग बंदराच्या कोठारात आलो. तिथे दर तपासणीआधी आम्हाला हिरवा रंग फासत. अक्षर गेलं, रेघ बुजली. खोल ठोकलेला आकडा तेवढा उरला.

एका सकाळी दाट धुकं पडलं, आणि नेमका तेव्हाच बंदरातल्या बिनतारी यंत्राचा ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेर एका होडीच्या इंजिनाचा आवाज खडकांच्या बाजूने येत होता. होडीवर कोठार सांभाळणाऱ्या ताईंचा धाकटा भाऊ होता.

यंत्राचा ऑपरेटर धावत कोठारात आला आणि त्याने यादी पाहिली. त्याला 99 हवा होता. मला उचलून तो ओरडला, "सापडला, ताई! नव्याण्णव!"

मी हादरलो. मी विजेच्या दुप्पट दाबाचा. मला जोडलं की यंत्रच जळणार, आणि दुसरं यंत्र नव्हतं. पण सांगायला मला तोंड कुठे होतं?

"थांब रे," ताई म्हणाल्या. "झाकण गोल आहे. वरची बाजू कुठली, खालची कुठली? आकड्याखाली रेघ असते, ती आधी बघू दे."

"अहो ताई, भाऊ तुमचा आहे तिकडे, आणि तुम्ही रंग खरवडत बसणार?"

"माझा आहे म्हणूनच खरवडतेय."

त्यांचं नख तुटलं. मग त्यांनी केसातली पिन काढली. रेघ दिसली, पण आकड्याच्या डोक्यावर.

"उलटा धरलायस, शहाण्या! हा सहासष्ट आहे."

त्यांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. खरा नव्याण्णव तळाच्या फळीवर निघाला. त्याचीही रेघ पाहूनच तो जोडला.

ताई यंत्रावर ओरडल्या, "डावीकडे वळा! समोर खडक आहे!"

नुसती खरखर. मग भावाचा आवाज आला, "वळतोय. ओरडू नकोस, ऐकू येतंय."

ताईंनी माईक खाली ठेवला. मला त्यांनी अजून पोटाशी धरलं होतं.

मित्रांनो, त्या दिवशी मी काहीच काम केलं नाही. तरी ताई अजून माझ्या रेघेवरची धूळ पुसून ती स्वच्छ ठेवतात. तुम्हीही जुन्या वस्तूला रंग लावण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. कुणीतरी तुमच्यासाठी काही लिहून ठेवलं असेल.