धाकटीची खिडकी

मित्रांनो, चार्जरची वायर काढली, तर कपातला चहा निवण्याआधी माझा जीव जातो. इतका म्हातारा टॅब झालोय मी आता. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे. पण याच काचेत जे पाहिलं, त्याचं नवल मला अजून वाटतं.

एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात माझा जन्म झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईने माझी काच बसवली, हलक्या हाताने पुसली, आणि मी उजळलो. पुढे एका लेकीने आपल्या आईसाठी मला विकत घेतलं. आईने जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून मला उभं केलं.

त्या दिवशी तिच्या तिन्ही मुली पहिल्यांदा माझ्यात आल्या. थोरली आणि मधली दूरच्या वेगवेगळ्या देशांत राहायच्या. थोरलीकडे भर दुपार, मधलीकडे नुकतं उजाडलेलं, धाकटीच्या खिडकीशी कलतं ऊन. तीन घरं, तीन उजेड, आणि सगळं माझ्या वीतभर काचेत मावलं! माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"अगं आई, नुसतं कपाळ दिसतंय तुझं!" थोरली म्हणाली.

"मला तर पंखाच दिसतोय," मधली हसली. "पंख्याशीच बोलू का?"

धाकटी मात्र काही म्हणाली नाही. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती कपडे शिवायची आणि हातांनी बोलायची. आई दोघींचं बोलणं हातांनी तिला सांगायची, आणि तिच्या हातांचं बोलणं तोंडाने दोघींना. आईचे ते सुरकुतलेले हात माझ्यासमोर पाखरांसारखे उडत. मी भान हरपून बघत राही.

मित्रांनो, माझ्या पोटात एक नियम घातलेला आहे. ज्याचा आवाज येतो, त्याची खिडकी मी मोठी करतो. बाकीच्यांच्या तिकिटाएवढ्या करून कडेला सारतो. त्यामुळे धाकटी कायम कडेलाच. एकदाच काय ते, बोलणं चालू असताना तिने पायमशीन चालवली, आणि माझी अख्खी काच तिने व्यापली. आईने हातांनीच दटावलं, "थांबव ती मशीन! तुझीच खिडकी मोठी होतेय." धाकटीने ते मनात ठेवलं असावं.

मग एके दिवशी आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आईला आता एकटीला ठेवायचं नाही, कुणीतरी घेऊन जायचं, एवढं ठरलं. कुणी, हे ठरवायला सगळ्या माझ्यात जमल्या.

"माझ्याकडे चल," थोरली म्हणाली. "दिवसभर बाई ठेवू."

"तुझ्याकडे चार जिने आहेत, ताई. ती काय उडत जाणार?"

"मग तू ने! तू तर महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असतेस."

दोघींचं चांगलंच जुंपलं. मी कधी थोरलीला मोठं करत होतो, कधी मधलीला. कडेच्या छोट्या खिडकीत धाकटीचे हात सारखे हलत होते. आई एका हाताने तिला काय आणि किती सांगणार?

"धाकटी तयार आहे," आई हळूच म्हणाली.

"अगं, पण रात्री तू हाक मारलीस, तर तिला ऐकू येणार आहे का?" थोरली म्हणाली.

आईने एका हाताने कसंबसं ते धाकटीला सांगितलं. तेवढ्यात खडखडाट सुरू झाला आणि माझ्या काचेत धाकटी उभी ठाकली, केवढी तरी मोठी! पायाने ती रिकामी मशीन चालवत होती आणि दोन्ही हातांनी बोलत होती.

"हे काय चाललंय हिचं?" थोरली म्हणाली, तशी धाकटी लगेच आक्रसली.

"गप्प, ताई!" मधली ओरडली. "आपण बोललो की ती लहान होते!"

मग दोघीही गप्प बसल्या. धाकटीचे हात सांगू लागले, आणि लहानपणी तिच्याशी हातांनीच भांडलेल्या त्या दोघींना, ते हात मोठे दिसताच, सगळं कळलं. 'हाक मला ऐकू येणार नाही. मी लहान असताना अंधारात आईला माझे हात दिसायचे नाहीत. म्हणून ती माझ्या मनगटाला दोरा बांधायची, दुसरं टोक तिच्या मनगटाला. मी ओढला की ती उठायची. आता मी बांधीन. ती ओढेल, मी उठेन.'

मशीन थांबली. कुणीच बोलेना. मित्रांनो, आता कुणाला मोठं करावं, मलाही समजेना.

आईने डोळे पुसले. "तिला सांगा, दोरा जाड घे म्हणावं," ती म्हणाली. "मागचा सारखा तुटायचा."

पण सांगणार कोण? आईचा हात तर गळ्यात. थोरलीने चष्मा काढून ठेवला. कितीतरी वर्षांनी तिने धाकटीसाठी हात उचलले, आणि अडखळत, चुकत सांगितलं. धाकटी खळखळून हसली. त्या हसण्याने तीच पुन्हा मोठी झाली.

आता मी धाकटीकडे, तिच्या मशीनशेजारी असतो. आईही इथेच आहे. त्यांच्या दोन खाटांमध्ये एक जाड दोरा असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या थकलेल्या यंत्राला अडगळीत टाकू नका. कधीतरी काच पुसा, वायर जपून लावा. आणि सगळी घरं माझ्यात जमतील, तेव्हा कडेच्या लहान खिडकीत कुणाचे हात हलताहेत, तेवढं बघा. मला नुसता आवाज कळतो हो. बघायचं काम मात्र तुमचं आहे.