अपील करणार नाही

मी अकरा पानांचा कबुलीचा करारनामा आहे: आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि खटला टाळायचा. पण बोलायचंय ते माझ्या आठव्या पानाबद्दल.

न्यू जर्सीत एका सरकारी वकिलाच्या संगणकावर माझा जन्म झाला. बराचसा मजकूर जुन्याच करारांतून उचललेला. नाव तेवढं नवं होतं: डॉ. एकनाथ, वेस्ट विंडसर.

आई आजारी म्हणून एकनाथकाका महिनाभर नागपूरला गेले होते. पेशंटची अडचण नको, म्हणून त्यांनी कोऱ्या प्रिस्क्रिप्शनवर सह्या करून ठेवल्या. दवाखान्यातल्या माणसाने त्यांवर नशेच्या गोळ्या लिहून विकल्या. त्या गोळ्यांनी एक तरुणी दगावली. काकांनी स्वतःची चूक कधीच नाकारली नाही.

त्यांची वकील दीपा हिने आठव्या पानावर बोट ठेवलं. "काका, पाच वर्षांपर्यंत कितीही शिक्षा झाली, तरी तुम्हाला अपील करता येणार नाही."

"तू तर दोन वर्षं म्हणालीस."

"तो माझा अंदाज आहे, काका. प्रॉमिस नाही."

"आज सही नका करू," त्यांची बायको, वीणाकाकू, म्हणाल्या. "घरी नीट वाचू."

"ट्रायल झाली, तर त्या मुलीच्या आईला सगळं पुन्हा ऐकावं लागेल. पुरे आता." काकांनी सही केली.

कोर्टात जजनी विचारलं, "अपिलाचा हक्क सोडताय, हे समजलंय?" काका लगेच 'हो' म्हणाले. वर्गातल्या शहाण्या मुलासारखे.

शिक्षा झाली चार वर्षं नऊ महिने.

काकूंनी दीपाचा हात धरला. "अपील करू या गं!"

दीपाने मान खाली घातली. "काकू, पाच वर्षांच्या आत आहे."

आता माझी प्रत जेवणाच्या टेबलावर पडून असते. मुलगी उर्वी ती वाचून म्हणाली, "आई, बाबांना माहीत होतं. इट्स राइट हिअर."

"माहीत होतं गं. पण ते दोनच वर्षं धरून चालले होते."

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. तरी ते वाक्य ऐकून मला माझ्या स्वच्छ अक्षरांची लाज वाटली.

माझ्यासारखा कागद तुमच्यापुढे आला, तर त्यातला सगळ्यात मोठा आकडा आपल्याच वाट्याला आलाय असं धरा. घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पेन त्यानंतर उचला.

वीणाकाकू दर शनिवारी अडीच तास गाडी चालवून तुरुंगात भेटायला जातात. मला टेबलावर पालथा घालतात आणि निघतात.