वाड्याची वाट

ऐतवारी सकाळचा चहा झाला की गिताबाई कोयता घेऊन निघायची. मागं मुलगा हनुमंत, सून सुषमा आणि वस्तीवरची आणखी चार माणसं. पगार नाही, हजेरी नाही. काम एकच, वाट मोकळी ठेवायची.

वाट मेंढरांची. पूर्वी दिवाळी सरली की खुटबावाकडून कळप निघायचे, वडगाव रासाईला भीमा ओलांडायचे, तळेगाव ढमढेऱ्याला बाजार करायचे आणि वीस मुक्कामांनी घाट उतरून कोकणात जायचे. आता वस्तीवर मेंढरं उरली नाहीत. ज्याच्या त्याच्या वाट्याला दोन-तीन एकर कांदा आला. पण तीन वर्षांमागं पाठीवर पिशव्या लावलेली शहरातली पोरं ही वाट विचारत आली, तेव्हा गिताबाईला ती सांगता येईना. मग ती हळूच म्हणू लागली,

पयली माझी वस्ती, खुटबावाच्या माळाला
कोकरू घेते वटी, बाई, बाळ बांधते पाठीला

दुसरी माझी वस्ती, भीमाबाईच्या तीराला
रासाईच्या लिंबाखाली चूल मांडिते वाऱ्याला

वीस मुक्काम, वीस ओव्या. सुषमानं त्या वहीत उतरवल्या आणि ओवीच्या बोटाला धरून वाट सापडत गेली. तेव्हापासून हिवाळ्यात चालणारे येतात. वडगावाच्या शिवारातला तीन कोसांचा तुकडा ही सात माणसं सांभाळतात. वेडी बाभूळ तोडायची, दगडांना चुना लावायचा, लिंबाखालचा रांजण भरायचा.

यंदा मारुतरावांनी शेवंतीच्या शेताला तारेचं कुंपण घालायला घेतलं. वाट त्यांच्या बांधाला लागून जाते आणि पलीकडं ओढ्याची दरड. खांब उभे राहिले ते नेमके वाटेच्या मधोमध. मारुतरावांचंही खोटं नव्हतं. चालणाऱ्या पोरांनी फोटो काढायला आत शिरून पाच वाफे तुडवले होते.

"घालू की त्यास्नी डांबरीनं," हनुमंत म्हणाला. "चार किलोमीटरचा वळसा."

"ट्रकाच्या धुरातनं? मंग चालत कशाला जायाचं, यष्टीनं जावं," गिताबाई म्हणाली. "दोर एका जागी तुटला म्हंजी काय निम्मा ऱ्हातो व्हय रं?"

अर्ज लिहायचं ठरलं. सुषमा कंपनीच्या ऑफिसात कामाला, अक्षर मोत्यासारखं. सासूनं सांगितलं, "लिव, ही वाट वाड्याची हाय. माझ्या सासऱ्याच्या आधीपासनं." सुषमानं जसंच्या तसं लिहिलं. खाली सह्या, अंगठे. अर्ज तालुक्याला गेला.

आणि एका बुधवारी मंडळ अधिकारी मॅडम पाहणीला आल्या. बांधावर उभं राहून त्यांनी कागद वाचला, इकडंतिकडं पाहिलं.

"वाट वाड्याची आहे असं लिहिलंय. वाडा कुठंय?"

मारुतराव हसले. "मॅडम, आमच्या ह्या शिवारात वाडा कवाच नव्हता. पत्र्याची घरं आन् गोठं, बास."

"मग अवघड आहे. वाडा असेल तर वाट त्याच्या मालकाची, खासगी झाली. आणि वाडाच नसेल तर वाट तरी कसली?"

सुषमानं मॅडमच्या हातातल्या अर्जाकडं पाहिलं. माहेरी, सासरी, जन्मभर ऐकलेला शब्द. बाहेरच्या जगात त्याला भिंती असतात, हे लिहिताना तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "आत्या, चूक माझी झाली," ती सासूला म्हणाली.

"तुजी कशापायी?" गिताबाई पुढं झाली. "मॅडम, वाडा म्हंजी आमीच. चार-पाच बिऱ्हाडं, मेंढरं, घोडी, कुत्री, डालग्यातल्या कोंबड्या. रातच्याला बसतो, सकाळी उठून चालाय लागतो."

"वाडा चालतो?"

"व्हय. भिंतीच न्हाईत, तर त्याला धरून कोण ठिवनार?"

मॅडम हसल्या, पण पेन उचललेलंच राहिलं. "आजी, मला पटलं. पण तुमच्याच वस्तीची साक्ष पुरणार नाही. वाडा इथं यायचा, बसायचा, हे शेजारच्या शेतकऱ्यानं सांगायला हवं."

शेजारचा शेतकरी एकच होता. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही, मुद्दामच. मारुतराव हातातली पक्कड उघडत होते, मिटत होते.

गिताबाईजवळ एक गोष्ट होती. बोलली असती तर मारुतरावांना मान वर करता आली नसती. पण ज्या घरचं पाणी प्यालो त्या घराला त्या पाण्याची आठवण द्यायची नाही, असं तिच्या आईनं शिकवलेलं. ती शेवंतीकडं बघत राहिली. फुलं उन्हात पिवळीधमक झाली होती.

"बसायचा का वाडा, मारुतराव?" मॅडमनी विचारलं.

"बसायचा," मारुतराव जमिनीकडं पाहत म्हणाले. मग आवाज जरा मोकळा झाला. "आमची आई, कुशाबाई, दिवाळी झाली की डोळं लावून असायची. दोन राती मेंढरं बसली की साऱ्या वर्साचं खत. पायलीभर बाजरी द्यायची त्यास्नी. आन् हा हनुमंता," त्यांनी पक्कड रोखली, "ह्या खांबापाशी जन्मलाय. आईनं आपलं लुगडं फाडून गुंडाळला ह्याला. ऊन पाण्याची घागर मी आनली व्हती. निम्मी सांडली म्हनून कानफटात खाल्ली."

हनुमंत खांबाकडं बघतच राहिला. "मला कुनी सांगितलंच न्हाई!"

"तुला काय सांगायचं? तू नुसता रडत व्हतास," गिताबाई म्हणाली. डोळ्यांना पदर लावत हसली.

"पर मॅडम, माजं पाच वाफं तुडवल्यात, त्ये बी लिवा," मारुतराव म्हणाले.

मॅडमनी दोन्ही लिहिलं. "आता रुंदी सांगा. वाट किती सोडायची?"

"वझं लादलेली दोन घोडी समोरासमोर आली तर घासू नयेत, येवढी," गिताबाई म्हणाली.

"आता घोडी कुठायत, गिताक्का? एका मानसापुरती सोडतो."

"ती पोरं पाठीवर केवढाली गठुडी घिऊन येत्यात, बघितलं न्हाईस? घोड्यापरीस काय कमी हायत?"

मग हनुमंत आणि सुषमा पाठीवर खताची रिकामी पोती फुगवून घेऊन समोरासमोर चालले. नवरा-बायकोची पोती मध्येच अडली आणि सगळे हसले. मारुतरावांनी पावलानं अंतर धरलं. "हितनं."

"आजून इतभर," गिताबाई म्हणाली.

"चार बोटं."

"इतभर. तोडलेल्या बाभळीच्या काट्या तुज्या शेवंतीकडनं रचून देतो आमी. कोन आत शिरंल मंग?"

मारुतरावांनी शेवंतीकडं पाहिलं, मग दरडीकडं. "टोकं वाटंकडं करा मातुर. माज्याकडं बायका फुलं तोडाय येत्यात." आणि त्यांनी पहार उचलली. पहिला खांब हलवून हलवून उपटला, पावलानं धरलेल्या जागेच्याही एक वीत आत नेला आणि हनुमंताला म्हणाले, "बघत काय उभा ऱ्हायलास? माती लोट."