तळटीप क्रमांक चौदा

राऊत मॅडमनी त्या वाक्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या, समासात ‘संदर्भ?’ असं लिहिलं आणि फाईल चंद्रिकेकडे सरकवली.

वाक्य असं होतं : डिसेंबर २०१८च्या भूकंपात सागपाड्यातील सहा घरांच्या भिंती पडल्या व एक पुरुष कायमचा अधू झाला.

“हे कुठे छापून आलंय?” मॅडमनी विचारलं.

“छापून नाही आलं. तो पुरुष म्हणजे माझे वडील, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डहाणूच्या त्या कॉलेजात भूगोल शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते आणि मुलांशी त्या कधी तुटकपणे वागल्या नव्हत्या.

“तू तेव्हा घरी होतीस?”

“नाही. होस्टेलला होते. परीक्षा चालू होती.”

“मग हे तुझं निरीक्षणही धरता येत नाही.” मॅडमनी खणातून काही छापील पानं काढली. “आणि हे बघ. यंदाच आलाय हा शोधनिबंध. सागपाड्याचं नाव आहे त्यात. हानी नाही, असं म्हटलंय. बाहेरचे परीक्षक हेच वाचून येणार. तू उलटं लिहितेस, तर तुझ्याकडेही तितकंच भक्कम काहीतरी पाहिजे. मी तुला खोटी म्हणत नाहीये, चंद्रिका.”

“म्हणजे भिंत पडली हे सांगायला भिंत पुरत नाही.”

ती हे जरा मोठ्याने बोलली. बाजूच्या टेबलावरचे सर वळून बघू लागले. चंद्रिकेने पानं उचलली आणि बाहेर येऊन जिन्यातच वाचायला बसली.

शोधनिबंधात नकाशे होते, आलेख होते आणि एक लांबलचक तक्ता होता. तक्त्यात सागपाडा सापडला. नावासमोर ‘हानी नाही’, आणि त्यावर बारीक चौदाचा आकडा. तिने शेवटच्या पानावर तळटीप क्रमांक चौदा काढली. एका दैनिकाचं नाव, तारीख, पान पाच.

म्हणजे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी सागपाड्याला कोणी आलंच नव्हतं. त्यांनी पेपर वाचला होता.

गेल्या डिसेंबरात परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन चंद्रिका घरी गेली, तेव्हा बाप खाटेवर पडलेला होता आणि घराची मागची भिंत होती तिथे प्लास्टिक फडफडत होतं. आठ दिवस आई फोनवर ‘सगळा बेस हाय’ म्हणत राहिली होती. तेव्हा ती आईवर खूप चिडली, रडली, आणि मग परीक्षेपायी लपवलं असेल म्हणून गप्प बसली. पण खरा राग पुढे आला. ज्या पाड्यांची पडझड पेपरात आली, तिथे मदतीला माणसं गेली, ताडपत्र्या गेल्या, इंजिनियर जाऊन भिंतींचे फोटो काढून आले. सागपाड्याला कोणी फिरकलं नाही. विचारायला गेलं की उत्तर एकच, तुमच्याकडे तर काही झालेलंच नाही. शेजारच्या बायजीने बाळंतीण सून आणि दहा दिवसांचं पोर घेऊन अख्खी थंडी पेंढ्याच्या आडोशाला काढली. ती अजून म्हणायची, “तो छापनारा मना एकदा गावू दे. त्याला त्याच पेंढ्यात निजवीन.”

लायब्ररीत जुन्या पेपरांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. डिसेंबरचा गठ्ठा सोडायला शिपायाने अर्धा तास लावला. पान पाच, खालचा कोपरा, चार ओळी.

‘सागपाडा येथे भूकंपाचा धक्का जाणवला असला तरी कोणतीही हानी झालेली नाही. आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत, कोणाला साधं खरचटलेलंही नाही, असे स्थानिक रहिवाशांकडून सांगण्यात आले. — तलासरी, वार्ताहर.’

साधं खरचटलेलंही नाही. तिने ते तीनदा वाचलं. सागपाड्यात सतरा घरं. सतराही दारं एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढून गेली आणि हे बोलेल असं माणूस एकाही दारात दिसेना. म्हणजे वार्ताहरानेच घरबसल्या मनाने लिहिलं. तिने फोटो काढला आणि गठ्ठा तसाच उघडा टाकून निघाली.

“अगो, बांधून ठेव ना ते!” शिपाई मागून ओरडला. तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती तलासरीला उतरली. वार्ताहराला शोधावं लागलं नाही. नाक्यावर तुषारचं झेरॉक्सचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. पासपोर्ट फोटो, पॅनकार्डचे फॉर्म आणि काचेवर चिकटवलेलं पत्रकाराचं ओळखपत्र. तुषार पस्तिशीचा, गोरटेला, आणि एकाच वेळी एका गिऱ्हाइकाशी गुजरातीत आणि दुसऱ्याशी हिंदीत बोलत होता.

चंद्रिकेने मोबाईलमधला फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

“ही बातमी तुम्ही लिहिली?”

त्याने वाचली. “हो. का?”

“तुम्ही सागपाड्याला गेला होतात?”

“ताई, त्या दिवशी तीस पाडे हलले. बाईक एक, माणूस एक. जिथे जमलं तिथे गेलो, बाकी ठिकाणी फोन केले.”

“फोन! माझ्या बापाचं खुब्याचं हाड मोडलं. सहा घरं पडली. आणि तुम्ही दुकानात बसून खरचटलेलंही नाही लिहिलंत? आता शास्त्रज्ञांच्या निबंधात तुमचं नाव नसलं तरी तुमची ओळ आहे. माझ्या बापाचं मोडलेलं हाड कुठेच नाही!”

तुषारचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही.

“मी मनाने लिहीत नाही. कोणी बोललं म्हणून लिहिलं.”

“कोण बोललं?”

“थांबा.” त्याने मशीनखालच्या खणातून जाड वह्या काढल्या आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटू लागला. “सागपाडा मला चांगला आठवतो. कारण एरवी लोक काय सांगतात, एक कौल पडला तर दहा लिहा. ही बाई उलटं सांगत होती. काही झालं नाही, नक्की छापा, म्हणे. दोनदा म्हणाली. उद्याच्याच पेपरात येईल ना, असं पण विचारलं. मागे कोणीतरी जोरात कण्हत होतं. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणे, बकरी व्यायलीय.”

त्याने वही फिरवून तिच्यासमोर ठेवली. निळ्या शाईत तारीख, वेळ सकाळी सव्वासात, आणि पुढे : सागपाडा, रखमी काकड्या वरठा, सर्व सुखरूप. खाली फोन नंबर होता. तो तिने शेवटपर्यंत वाचला नाही. होस्टेलच्या ऑफिसातून तोच नंबर ती तीन वर्षं लावत आली होती.

“नाव दिलं होतं मी,” तुषार म्हणाला. “वर ऑफिसात कापलं. तुमच्या ओळखीतली आहे का बाई?”

चंद्रिकेने मोबाईल बंद केला. “पानाची झेरॉक्स द्या,” एवढंच ती म्हणाली.

फाट्यावर उतरून पाड्यापर्यंत तीन किलोमीटर ती चालली नाही, जवळजवळ धावलीच. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलं होतं. कोणी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

दारात तिचा बाप काकड्या खाटेवर बसून केरसुणी बांधत होता. रखमी चुलीपाशी होती. चंद्रिकेने झेरॉक्स तिच्यापुढे टाकली. आईला वाचता येत नाही, हे ती टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

“आये, पेपरवाल्याला काय नाय झाला असा कोनी सांगला?”

रखमीने कागद उचलला, त्यावर पडलेली राख फुंकली. खोटं बोलायचा तिने प्रयत्नही केला नाही.

“मी सांगला.”

“का?”

“तुज्या होस्टेलात पेपर येते. तूच बोललेली, सकाळी पयला पेपर वाचते मी. दुसऱ्या दिशी तुजी परीक्षा होती. फोनवर मी सांगलेला तुला पटला नसता. छापलेला पटला असता.”

चंद्रिकेला आठवलं. त्या सकाळी होस्टेलच्या व्हरांड्यात मुली पेपरावर तुटून पडल्या होत्या. तिने पान पाचवर ‘सागपाडा’ आणि ‘हानी नाही’ एवढंच घाईत पाहिलं होतं, हुश्श केलं होतं आणि जाऊन परीक्षा दिली होती. त्या विषयात तिला सगळ्यांत जास्त मार्क होते.

“बाप ओरडत होता ना तवा!”

“माज्या मांडीवर व्हता. गाडीची वाट बघत व्हतो.”

काकड्याचे हात थांबले. “मना नाय माहीत ह्या,” तो हळूच म्हणाला.

“आणि बायजी?” चंद्रिकेचा आवाज फाटला. “तिची सून? बाकीची घरा? तुज्या एका बोलन्यापायी कोनी आला नाय इथं! मी कोनाला मागलेला का ह्या? मी मागलेला?”

“मना काय ठाव, त्यावरून ताडपत्र्या वाटतील?” रखमी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. मग तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “मग कळला. पन तवा बोलायची हिंमत नाय झाली. बायजी रोज शिव्या घाली त्याला. मी आयकून घेई.”

चंद्रिकेने पिशवीतून फाईल काढली, लाल रेघांचं पान उघडलं आणि जमिनीवर मांडी घालून बसली. तिचा राग गेला नव्हता. तो कुठे ठेवायचा हे फक्त तिला कळत नव्हतं.

“मना लिवावा लागल,” ती म्हणाली. “ती बातमी चूक हाय, तर का चूक हाय, ह्या लिवावा लागल. कोनी सांगला, त्याचा नाव टाकावा लागल. नायतर आपली भिंत पडलीच नाय, असाच ऱ्हाईल.”

“माजा नाव?”

“तुजा नाव.”

रखमीने हात पुसले. वाफाळत्या टोपावर झाकण ठेवलं, पदर नीट केला आणि झेरॉक्सचा कागद घडी घालून कमरेला खोवला.

“तू लिव,” ती म्हणाली. “पन थांब जरा. कागदात यायच्या आदी मी जाऊन सांगते.”

ती अंगणात उतरली. पलीकडे बायजी ओट्यावर बसून नागली पाखडत होती आणि तिच्या बाजूला नातू सुपातल्या दाण्यांत हात घालत होता. चंद्रिका दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आई काय बोलली, ते इथवर ऐकू आलं नाही. फक्त पाखडण्याचा आवाज बंद झाला.